मातीच्या बैलाशी बोलणारी लेक

अंबाजोगाईहून एका वडिलांचं पत्र आलंय. त्यांची मुलगी बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पुण्याच्या एका कंपनीत घरूनच वेब डेव्हलपरची इंटर्नशिप करते. ते लिहितात, "साहेबाला नुसत्या नावानं हाक मारते. दिवसभर गूगलवर शोधत बसते. परवा तर पोळ्याला आणलेला मातीचा बैल टेबलावर ठेवून त्याच्याशी अर्धा तास बोलत होती. आमची हयात कापडाच्या दुकानात गेली. याला काम म्हणावं का? का सरळ बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरायला लावू?"

दादा, नमस्कार.

आधी बैलाचं सांगतो, कारण पत्रात तुमची खरी काळजी तीच दिसली. मी अकरा वर्षं पुण्यात हेच काम केलं, आता लातूरला असतो. आमच्या ऑफिसात एकाच्या टेबलावर रबरी बदक होतं. प्रोग्राम चालेना झाला की तो एकेक ओळ त्या बदकाला समजावून सांगायचा. ही ओळ हे करते, त्यामुळं पुढच्या ओळीत ते येतं... सांगता सांगता जिथं जीभ अडखळते, बहुतेक वेळा चूक तिथंच सापडते. जगभरचे प्रोग्रामर असं करतात आणि त्याला रबर डक डिबगिंग (डिबगिंग म्हणजे प्रोग्राममधली चूक शोधून काढणं) असंच नाव आहे. रात्री गल्ला जुळला नाही की तुम्हीही वहीतले आकडे मोठ्यानं वाचत असाल. लेक तेच करतेय.

गूगलचं म्हणाल, तर सगळं पाठ असलेला डेव्हलपर मी आजवर पाहिला नाही. जावास्क्रिप्ट ही वेबसाइटची प्रोग्रामिंग भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये दहा दिवसांत उभी केली. तिच्यावर बेतलेले तयार कोडचे संच येत राहिले: २००६ मध्ये जेक्वेरी, २०१३ मध्ये रिअ‍ॅक्ट, आणि मधे-पुढे किती आले त्याची गणतीच नाही. दहा वर्षं मुरलेला माणूससुद्धा पानावरचा चौकोन मधोमध कसा आणायचा हे पुन्हा शोधून बघतो. फक्त उचललेला कोड का चालला, हे तिला सांगता आलं पाहिजे. तेवढं मात्र तिला अधूनमधून विचारत जा.

नावानं हाक मारणं आपल्याकडं कानाला खटकतं. परभणीत शिकून गेलो तेव्हा माझ्याही तोंडातलं "सर" जात नव्हतं. पण तिथं ज्येष्ठाचा कोडही कनिष्ठ तपासतो, आणि "सर, तुमचं इथं चुकलंय" म्हणायला आपली पोरं कचरतात. नावानं बोलायची सवय लागली की ते सोपं जातं.

रोजच्या सकाळच्या मीटिंगला स्टँड-अप म्हणतात. पंधरा मिनिटांत उरकावी म्हणून ती उभ्यानं घ्यायची रीत पडली. काल काय केलं, आज काय करणार आणि कुठं अडलंय, एवढंच बोलायचं. यातल्या तिसऱ्या प्रश्नापाशी मराठवाड्यातली पोरं मार खातात. येत नाही म्हणणं म्हणजे नाक कापलं जाणं, हे आपण त्यांच्या मनात लहानपणापासून भरवलंय.

माझंच सांगतो. पहिल्या वर्षी एका वेबसाइटवर मराठी नावं साठवायची होती. "सुनंदा" लिहून सेव्ह केलं की पडद्यावर सहा प्रश्नचिन्हं यायची. तीन दिवस मी डोकं फोडत होतो आणि स्टँड-अपला मात्र "चालू आहे" म्हणत होतो. चौथ्या दिवशी रडकुंडीला येऊन खरं सांगितलं. शेजारच्या मुलीनं डेटाबेस, म्हणजे माहिती साठवायची जागा, उघडून बघितली. त्यातला तक्ता लॅटिन अक्षरांपुरताच बनवलेला होता, तो तिनं सगळ्या लिपी सामावणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीवर आणला. दहा मिनिटांत "सुनंदा" नीट दिसलं. ते तीन दिवस मला आजही बोचतात.

या क्षेत्रात खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. "आपली कंपनी म्हणजे कुटुंब" म्हणत रोज मध्यरात्रीपर्यंत बसवत असतील, तर तिला सोडायला सांगा. नोकरीसाठी कुणी पैसे मागितले किंवा मूळ मार्कशीट ठेवून घेतो म्हणालं, तर तिथल्या तिथं नाही म्हणा. आणि ऑफर लेटरवरचं वर्षाचं पॅकेज बघून हुरळू नका, दर महिन्याला हातात किती पडणार ते विचारा.

बँकेचा फॉर्म तिला हवा असेल तर खुशाल भरू द्या. आयबीपीएसच्या क्लार्क परीक्षेला वयाच्या २८ वर्षांपर्यंत बसता येतं, तिच्यापाशी वेळ आहे. पण तुम्हाला भीती वाटते म्हणून भरायला लावू नका. इंटर्नशिप पूर्ण होऊ द्या. त्यानंतर तुमच्याच दुकानाची वेबसाइट तिला मराठीत बनवू द्या, साड्यांचे फोटो आणि भावासकट. मुलाखतीत दाखवायला हातचं काम होईल.

आणि एखाद्या रात्री दुकान वाढवून आलात की बैलाच्या जागी तुम्ही बसा. ती सांगेल त्यातलं निम्मं कळणार नाही, पण मधेच "म्हणजे काय गं?" एवढं विचारा. बैलाला ते जमत नाही.