आपली कहाणी, आपल्या नावाने

प्रश्न : बावीस वर्षे जिल्हा न्यायालयात वकिली केल्यानंतर मी आता पुस्तक लिहिते आहे. लहानपणी एका जवळच्या नातेवाइकाने माझ्यावर लैंगिक अत्याचार केले. ते आज हयात नाहीत. ते अनुभव आणि न्यायालयात पाहिलेला न्याय, दोन्ही मला मांडायचे आहेत. पीडितेचे नाव छापता येत नाही आणि त्या नातेवाइकाची मुले अब्रुनुकसानीचा खटला भरतील, असे घरचे म्हणतात. मी स्वतःच्या नावाने लिहू शकते का? – एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, अवश्य लिहा. नाव छापण्यावरची बंदी पीडितेच्या रक्षणासाठी आहे आणि तिचाच आधार घेऊन तिला गप्प बसवले जाते, याची मला मनापासून चीड येते. जुन्या दंड संहितेचे कलम 228-अ असो की भारतीय न्याय संहितेचे कलम 72, सज्ञान पीडितेच्या लेखी संमतीने तिचे नाव प्रसिद्ध करता येते. प्रकाशकाला तशी संमती लिहून द्या.

ही मुभा मात्र फक्त तुमच्यापुरती आहे. त्याच माणसाने घरातल्या दुसऱ्या मुलीलाही त्रास दिला असेल, तर तुमच्या नावावरून तो ओळखू येईल आणि त्याच्यावरून तीही. तिची ओळख अप्रत्यक्षपणेही उघड होता कामा नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली निपुण सक्सेना प्रकरणात बजावले आहे. तिची लेखी संमती नसेल, तर तो भाग वगळावा.

मृत व्यक्तीविषयीचा मजकूर कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने लिहिलेला असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली अब्रुनुकसानी ठरू शकतो. मजकूर सत्य आणि लोकहिताचा असणे हा त्यावरचा बचाव आहे. पण तो सिद्ध करण्याचा भार लेखिकेवर येतो. म्हणून जुन्या डायऱ्या, पत्रे आणि त्या काळी तुम्ही ज्यांच्यापाशी बोललात त्यांची निवेदने आताच गोळा करून ठेवा. 17 फेब्रुवारी 2021 रोजी लैंगिक छळाचा जाहीर आरोप केल्यामुळे अब्रुनुकसानीचा खटला झालेल्या पत्रकार प्रिया रमाणी यांची निर्दोष मुक्तता करताना दिल्लीच्या न्यायालयाने म्हटले होते की, स्त्रीला आपली तक्रार तिच्या पसंतीच्या कोणत्याही व्यासपीठावर, कित्येक दशकांनंतरही मांडता येते. तो निकाल खालच्या न्यायालयाचा असला, तरी तुमच्या वकिलांनी जरूर वाचावा.

अशिलांविषयी लिहिताना अधिक जपा. त्यांनी विश्वासाने सांगितलेले गुपित राखण्याचे बंधन वकिली सोडल्यावरही सुटत नाही; भारतीय साक्ष्य अधिनियमाचे (पुराव्याच्या नव्या कायद्याचे) कलम 132 तेच सांगते. त्यांच्या कहाण्या त्यांना विचारल्याशिवाय पुस्तकात घेऊ नका.