एका अल्बमचे सात तुकडे: आर्टिस्टच्या रकान्याला हात लावू नका

वडिलांच्या कॅसेटवरची बारा भावगीतं सिडकोतल्या घरी कॉम्प्युटरवर घेतलीत आणि प्लेयर एकाच नावाचे सात अल्बम दाखवतोय. आता बाराही गाण्यांच्या आर्टिस्टच्या रकान्यात एकच नाव देऊन टाकू का, असं विचारलंय तुम्ही. नका देऊ. बहुतेकांचं नुकसान नेमकं इथेच होतं.

आर्टिस्ट म्हणजे ते गाणं गाणारा. अल्बम आर्टिस्ट हा वेगळा रकाना, आणि बहुतेक प्लेयर अल्बमचं नाव आणि हा रकाना बघूनच गाणी एकत्र लावतात. तो रिकामा असला की प्लेयर गायकाकडे बघतो. सात गायक, सात अल्बम. आर्टिस्टमध्ये सगळीकडे संगीतकाराचं नाव कोंबलं की अल्बम लगेच एक होतो खरा, पण कुठलं गाणं कोणाचं हे फाइलमधून पुसलं जातं. कॅसेटचं कव्हर हरवलं असेल तर मग ओळखत बसा कानाने.

त्यामुळे आधी फोल्डरची कॉपी. मग एमपी३टॅगमध्ये (फाइलमधली ही माहिती, म्हणजे टॅग, बदलायचं सॉफ्टवेअर) बाराही गाणी निवडा, आर्टिस्टच्या चौकटीत ‘कीप’ दिसेल ते तसंच राहू द्या, फक्त अल्बम आर्टिस्टमध्ये संगीतकार किंवा ‘विविध कलाकार’ भरा आणि सेव्ह करा. आयट्यून्स असेल तर कम्पायलेशनवर टिकही करा. तरी फुटतोय? अल्बमच्या नावाच्या शेवटी एखादी स्पेस असते, किंवा ‘भाग’पुढे एकीकडे मराठी आकडा आणि दुसरीकडे इंग्रजी. काही प्लेयर साल वेगळं दिसलं तरी तोडतात.

नावांचं एकच रूप ठरवा. आपल्या नाशकात जन्मलेले द. वि. पलुस्कर घ्या: डी. व्ही., दत्तात्रय विष्णू, पंडित लावून, न लावून, असे चार गायक तयार होतात, वडील वि. दि. यांच्याशी गल्लत होते ती वेगळीच. सालाचंही तेच. द. वि. १९५५ साली गेले, पण सीडीवरून आलेल्या फाइलवर सीडीचं साल असतं. हे माझं वैयक्तिक मत, पण मूळ साल माहीत असेल तर तेच टाका, नसेल तर रकाना कोरा ठेवा.

आता जरा चिडचिड. कॅसेटच्या फाइल दुकानातून करून घेणाऱ्यांसाठी हे. शहरातल्या एका दुकानाने (नाव घेत नाही) अख्ख्या बाजूची एकच एमपी३ दिली, आर्टिस्टमध्ये दुकानाचं नाव आणि कव्हरच्या जागी स्वतःचं व्हिजिटिंग कार्ड! वेव्ह फाइल (आवाज न दाबलेली, मूळ रेकॉर्डिंगची) मागितली तर ‘डिलीट केली’. अर्ध्या तासाच्या बाजूची वेव्ह साधारण ३०० एमबी होते, पेनड्राइव्हवर सहज मावते. कॅसेट हातात देण्याआधीच ती कबूल करून घ्या. नुसती एमपी३ मिळाली असेल तर ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये गाणी कापू नका. एक्सपोर्ट करताना ती पुन्हा दाबली (कॉम्प्रेस केली) जाते आणि आवाज आणखी उतरतो. एमपी३डायरेक्टकट न दाबता कापतं.

कारमध्ये ऐकणार असाल तर टॅग मराठीत ठेवा पण फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत, नावाच्या सुरुवातीला 01, 02 हे आकडेही इंग्रजीत. बऱ्याच स्टिरिओंवर देवनागरीचे नुसते चौकोन दिसतात. काही स्टिरिओ गाणी पेनड्राइव्हवर ज्या क्रमाने कॉपी झाली त्याच क्रमाने वाजवतात, तेव्हा रिकाम्या पेनड्राइव्हवर क्रमानेच टाका. तुमच्या गाडीचं मॉडेल मला माहीत नाही, आधी एकच अल्बम टाकून बघा.