बटण दाबलं की आधी काय चालतं?

प्रश्न: मी एएसपी डॉट नेट वेब फॉर्म्स (मायक्रोसॉफ्टची वेब पेज बनवायची एक पद्धत) शिकतोय. पेज लोडमध्ये, म्हणजे पेज लोड होताना सर्व्हरवर चालणाऱ्या कोडमध्ये, ड्रॉपडाऊन भरतो, युजर तिसरा ऑप्शन निवडून सेव्ह दाबतो, तरी डेटाबेसमध्ये पहिलाच जातो. आणि खालच्या ग्रिडमध्ये नवीन रो लगेच दिसत नाही, पेज परत उघडलं की मग दिसते. डीबगर लावला तर क्लिकच्या आधी पेज लोड चालतं! हे काय गौडबंगाल?

उत्तर: अहो, डीबगरने तुम्हाला उत्तरच दाखवलंय. बटण दाबलं की थेट क्लिकचा कोड चालतो असं सगळ्यांनाच वाटतं, मलाही बरेच दिवस वाटायचं. पण इथे अख्खा फॉर्म सर्व्हरवर परत जातो, यालाच पोस्टबॅक म्हणतात, आणि सर्व्हर पेजचा ऑब्जेक्ट नव्याने बनवतो, मागचा त्याने केव्हाच टाकून दिलेला असतो. मग आधी प्रीइनिट, इनिट, त्यानंतर व्ह्यूस्टेट (पेजमध्येच लपवून ठेवलेली कंट्रोल्सची मागची स्थिती) आणि फॉर्ममधून आलेल्या व्हॅल्यू कंट्रोल्समध्ये, म्हणजे ड्रॉपडाऊन, टेक्स्टबॉक्स वगैरेंमध्ये भरतात, मग लोड, मग टेक्स्ट चेंज्डसारखे इव्हेंट, आणि त्यांच्याही मागून क्लिक. शेवटी प्रीरेंडर, रेंडर, अनलोड.

आता तुमचा ड्रॉपडाऊन बघा. लोड सुरू व्हायच्या आधीच त्यात तिसरा ऑप्शन निवडलेला होता, तुम्ही लोडमध्ये लिस्ट परत भरली आणि ती निवड स्वतःच्या हाताने पुसली, मग बिचाऱ्या क्लिकला पहिलाच ऑप्शन मिळणार ना. लिस्ट इज पोस्टबॅक फॉल्स असेल तेव्हाच, म्हणजे पेज पहिल्यांदा उघडतं तेव्हाच भरा. मात्र त्या ड्रॉपडाऊनचा व्ह्यूस्टेट बंद केला असेल तर पोस्टबॅकला लिस्ट रिकामी येईल, तेव्हा ती दर वेळी इनिटमध्ये भरायची, म्हणजे आलेली व्हॅल्यू नंतर तिच्यावर नीट बसते.

ग्रिडचं दुखणं उलटं आहे. तो लोडमध्ये बाइंड झाला, म्हणजे त्यात डेटा भरला गेला, तेव्हा सेव्ह झालेलंच नव्हतं, जुना डेटाच दिसणार. बाइंडिंगचं वेगळं फंक्शन करून क्लिकमध्ये सेव्हनंतर बोलवा. काहीजण प्रीरेंडरमध्ये बाइंड करतात, तेही चालतं, पण मला पहिलं बरं वाटतं, कोड वाचणाऱ्याला लगेच कळतं.

आता इज पोस्टबॅक हातात आलं म्हणून सगळंच त्यात कोंबू नका हं. कोडमधून बनवलेली बटणं, टेक्स्टबॉक्स दर रिक्वेस्टला परत बनवावेच लागतात, शक्यतो इनिटमध्ये आणि आयडी तोच ठेवून, नाहीतर पोस्टबॅकला ते बटणच अस्तित्वात नसतं, मग त्याचा क्लिक कुठून चालणार, आणि एररही येत नाही म्हणून माणूस तासन् तास शोधत बसतो.

एवढं करूनही अडलात तर पेज डायरेक्टिव्हमध्ये (पेजच्या फाइलमधली सुरुवातीची सेटिंगची ओळ) ट्रेस ट्रू करा, कुठला टप्पा कधी सुरू झाला, कधी संपला ते पेजच्या खालीच वेळेसकट छापून येतं. लाइव्ह करायच्या आधी तेवढं बंद करा.