कोचीची सहल: कर्ज काढून डिसेंबरात, की पैसे साठवून सप्टेंबरात?

निफाड तालुक्यातील एका द्राक्ष बागायतदार दांपत्याने विचारले आहे की, येत्या डिसेंबरात फोर्ट कोची पाहण्यासाठी ८०,००० रुपयांचे वैयक्तिक कर्ज घ्यावे, की आजारपणासाठी राखलेली दोन लाखांची मुदत ठेव मोडावी.

माझ्या मते दोन्ही टाळावे आणि पुढच्या सप्टेंबरात अवश्य जावे.

१४ टक्के दराने दोन वर्षांसाठी घेतलेल्या या कर्जाचा हप्ता दरमहा सुमारे ३,८४० रुपये पडतो आणि व्याजापोटी १२,००० रुपयांहून अधिक जातात. व्याजापेक्षा मला काळजी वाटते ती हप्त्याची. आपल्या हाती पैसा येतो तो फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, माल तोडून व्यापाऱ्याने रक्कम चुकती केल्यावर. त्याआधी अवकाळी पावसाने घड खराब झाले, तरी हप्ता थांबत नाही. ठेव मुदतीपूर्वी मोडल्यास बँक कमी दराने व्याज देते, बहुधा दंडही कापते, आणि ऐन दुखण्यात आधार उरत नाही. पीककर्जाला तर हातच लावू नये, कारण व्याजसवलत वेळेवर परतफेडीवर अवलंबून असते.

डिसेंबरात कोचीची हवा सुखद असते हे खरे, पण नाताळ आणि नववर्षाच्या कार्निव्हलमुळे खोल्यांची भाडी चढतात. शिवाय ऑक्टोबर छाटणीनंतरची बाग तेव्हा फवारणीसाठी रोज माणूस मागते. एप्रिल-मेमध्ये तिकडे दमट उकाडा, जून-जुलैत मुसळधार पाऊस. सप्टेंबरात पावसाचा जोर ओसरलेला असतो आणि आपली बागही छाटणीपूर्वीच्या विश्रांतीत असते. मधूनमधून सरी येतील, पण वास्को द गामाला १५२४ मध्ये जिथे पुरले ते सेंट फ्रान्सिस चर्च आणि १५६८ मध्ये बांधलेले मट्टनचेरीचे ज्यू प्रार्थनास्थळ, ज्यांचा उल्लेख आपण पत्रात केला आहे, ती पाहण्यात पावसाची फारशी अडचण होत नाही.

माल विकल्यावर मार्चमध्ये ६०,००० रुपये बाजूला काढावेत. त्यांपैकी १५,००० बचत खात्यात ठेवावेत, कारण रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होते. उरलेल्या रकमेची ऑगस्टअखेर संपणारी मुदत ठेव करावी. नाशिक रोडहून मंगला एक्सप्रेस थेट एर्नाकुलमला, म्हणजे कोचीच्या रेल्वे स्थानकाला जाते, मात्र पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वेवर ती अधिक वेळ घेते, म्हणून एक दिवस जास्तीचा धरावा. ओणम आणि गणेशोत्सवाच्या गर्दीचे दिवस वगळावेत. हंगाम बिघडला तर सहल वर्षभर लांबेल, पण डोक्यावर देणे राहणार नाही.

कोची-मुझिरिस बिएनाले हे कलाप्रदर्शन पाहायचेच असेल, तर सप्टेंबर उपयोगाचा नाही, कारण ते हिवाळ्यात भरते. तसे असल्यास बागेवर खात्रीचा माणूस ठेवण्याचा खर्चही हिशेबात धरावा. तिकीट काढण्यापूर्वी एवढे पाहावे की ज्यू प्रार्थनास्थळ शनिवारी आणि त्यांच्या सणांना बंद असते, आणि त्यांचे नववर्ष बहुधा सप्टेंबरातच येते.