घरात खाऱ्या पाण्याचा प्रवाळ टँक लावायचाय. सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की गोड्या पाण्याचा फिशटँक तीन वर्षं सांभाळलाय, आता प्रवाळ आणि क्लाउनफिशची जोडी ठेवायची आहे. सामान काय लागेल, रोजचा किती वेळ जाईल, आणि लोक म्हणतात तितकं हे अवघड आहे का. शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो.

माझ्याकडे १८० लिटरचा टँक सात वर्षं चालू आहे. त्याआधीचा १२० लिटरचा मी दीड वर्षात मोडीत काढला. पहिल्या दिवसापासून एक वही ठेवलीये: तारीख, पाण्याचे आकडे, काय घातलं, कोण मेलं. मध्यंतरी ती चाळत बसलो तेव्हा लाज वाटावी इतकं उघड दिसलं. रोगाने गेलेले जीव बोटांवर मोजण्याइतके. बाकी बहुतेक सगळे, मी काहीतरी ‘सुधारायला’ गेलो त्यानंतरच्या आठवडाभरात गेलेत. यातलं शास्त्र शिकता येतं हो, हात आवरायला शिकणं जड जातं.

वहीतली पहिली मोठी पडझड पाण्याच्या पातळीची. वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी, मीठ टाकीतच राहतं. शाळेत शिकलेली गोष्ट. तरीही पातळी उतरली की मी तयार केलेलं खारं पाणी ओतायचो, कारण टाकीत खारं पाणी आहे ना! दिवसाला २ लिटर म्हणजे रोज साधारण ७० ग्रॅम जास्तीचं मीठ. दहा दिवसांत ७०० ग्रॅम. १२० लिटरच्या टाकीत क्षारता हजारी ३५ वरून (म्हणजे हजार भाग पाण्यात ३५ भाग मीठ) ४१ च्या आसपास पोचली. आधी गोगलगायी आडव्या झाल्या, मग मऊ प्रवाळ आक्रसून बसलं. तेव्हा बाष्पीभवनाची भरपाई नेहमी गोड्या शुद्ध पाण्याने करायची, आणि जमल्यास ती आपल्या हातातच ठेवायची नाही. ऑटो टॉप-ऑफ नावाचं साधन मिळतं, एक सेन्सर आणि एक छोटा पंप. पातळी खाली गेली की तो बाजूच्या डब्यातून तेवढंच पाणी आत सोडतो. मी त्याला चैन समजत होतो. आज सांगेन की भारी लाइटच्या आधी हे घ्या.

शुद्ध पाणी म्हणजे आरओ-डीआय केलेलं (आरओतून सुटलेले क्षार डीआय रेझिन शोषून घेतं), विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य दाखवणारं. नळाच्या पाण्यात क्लोरिन किंवा क्लोरामाइन असतं, शिवाय फॉस्फेट, सिलिकेट आणि कधीकधी तांबं. माशाला जेवढं तांबं जाणवतही नाही तेवढ्यात कोळंबी आणि शंख मरतात. पिण्याच्या पाण्याचा घरगुती आरओ इथे पुरत नाही. त्यात डीआय रेझिनचा टप्पा नसतो आणि काही यंत्रं तर चवीसाठी क्षार मुद्दाम परत मिसळतात.

मीठही प्रवाळ टँकसाठी बनवलेलंच हवं, स्वयंपाकाचं नव्हे. लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम पडतं. वेगळ्या टबात पंप लावून रात्रभर फिरवा, तापमान टाकीइतकं आणा, मगच वापरा. जीव असलेल्या टाकीत कोरडं मीठ कधीही टाकू नका. मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या, आणि तो शुद्ध पाण्यावर शून्य करण्यापेक्षा हजारी ३५ च्या प्रमाणित द्रावणावर जुळवा. लक्ष्य हजारी ३५, म्हणजे २५ अंशाला विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या आसपास.

टाकी १५० ते २०० लिटरची घ्या. ‘आधी छोटी घेऊन बघतो’ हा विचार गोड्या पाण्यात चालून जातो, इथे उलटा पडतो. ४० लिटरमध्ये एक मेलेली कोळंबीसुद्धा पाणी बिघडवते. जागा ठरवताना वजन मोजा: २०० लिटर पाणी, काच, दगड, स्टँड धरून ३०० किलोच्या पुढे जातं, त्यामुळे स्टँड आणि जमीन दोन्ही भक्कम आणि समपातळीत हवीत. खाली सम्प, म्हणजे जिथून पंप पाणी वर पाठवतो ती दुसरी टाकी, केलात तर पहिल्याच दिवशी, आत काही जिवंत नसताना, मुख्य पंपाचं बटण बंद करून बघा. वरचं किती पाणी उलटं खाली येतं आणि ते सम्पमध्ये मावतं का, हे वीज गेल्यावर मध्यरात्री कळण्यापेक्षा तेव्हाच कळलेलं बरं. आणि सगळ्या वायरींना प्लगच्या खाली एक झोळ द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी तिथून टपकेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही. गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर असल्याशिवाय मी खाऱ्या पाण्यात हात घालत नाही.

बाकी सामान थोडक्यात. दोन वेव्हमेकर, म्हणजे पाण्यात लाटा करणारे छोटे पंप, कारण प्रवाळाला एका दिशेची धार नको, इकडून तिकडे हेलकावणारं पाणी हवं. एका मोठ्या हीटरऐवजी दोन लहान, वर वेगळा थर्मोस्टॅट. हीटर बिघडतो तेव्हा अनेकदा ‘चालू’ अवस्थेतच अडकतो आणि लहान हीटर टाकी शिजवू शकत नाही. तापमान २५-२६ अंश. खोली तापत असेल तर पाण्यावर पंखा, पण मग बाष्पीभवन वाढतं हे लक्षात ठेवा. स्किमर बुडबुड्यांच्या फेसाला चिकटलेली सेंद्रिय घाण बाहेर काढतो; १५० लिटरला चांगला, पण दर आठवड्याला पाणी बदलणार असाल तर सुरुवातीला त्याच्यावाचून अडत नाही. बॅटरीवर चालणारा एक हवेचा पंप मात्र घरात असूच द्या. वीज गेली की तापमान उतरायला बराच वेळ लागतो, प्राणवायू त्याच्या कितीतरी आधी संपतो.

आता दगड. इथे खरा फिल्टर म्हणजे सच्छिद्र खडक. इंडोनेशियातल्या ली चिन इंग यांनी १९६१ साली लिहिलं होतं की जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर खाऱ्या पाण्याची टाकी चालते. आजच्या चकचकीत यंत्रांच्या मागेही तत्त्व तेच आहे. खडकावरचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करतात. कोरडा खडक घेतलात तर हे जिवाणू वसवावे लागतात: अमोनियम क्लोराइड घालून अमोनिया लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत न्या, बाटलीतले जिवाणू टाका, आणि थांबा. तेवढा अमोनिया २४ तासांत नाहीसा होऊ लागला की टाकी मासा घ्यायला तयार. चार ते सहा आठवडे धरा. ‘एखादा चिवट मासा टाकून सायकल करा’ (म्हणजे त्याच्या घाणीवर हे जिवाणू वसवा) असा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. समुद्राचा पीएच ८ च्या वर असतो आणि त्या पीएचला अमोनियाचा विषारी अंश गोड्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त असतो.

यानंतर टाकी कुरूप होते. आधी तपकिरी पूड, मग हिरवं केसाळ शेवाळ, कधी लालसर बुरशीसारखा थर. पहिले सहा महिने हे चालतं, आणि माझ्या वहीतली दुसरी पडझड इथलीच. केसाळ शेवाळ बघवेना म्हणून फॉस्फेट शोषणारे लोह-ऑक्साइडचे दाणे दुप्पट घातले, माशांचं खाणं निम्म्यावर आणलं. महिन्याभरात नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य! मी खूश. पंधरा दिवसांत वाळूवर तपकिरी, चिकट, बुडबुडे धरलेल्या तारा दिसू लागल्या. रात्री कमी, दुपारी पुन्हा दाट. डायनोफ्लॅजेलेट्स, एकपेशीय सूक्ष्मजीव. बाकी सगळे सूक्ष्मजीव उपाशी मेले की मोकळ्या जागेवर हे फोफावतात, आणि त्यांच्या काही जाती इतक्या विषारी असतात की ते खाणाऱ्या गोगलगायी मरतात. ती टाकी मी मोडली ती यापायीच. आता मी लिटरला नायट्रेट ५ ते १० मिलिग्रॅम आणि फॉस्फेट ०.०५ च्या आसपास राहू देतो, काचेवरचं शेवाळ घासतो, खडकावरचं टूथब्रशने काढतो, आणि ट्रोकस शंखांना त्यांचं काम करू देतो. गुलाबी-जांभळं कोरलाइन शेवाळ खडकावर चढू लागलं की समजा, टाकी स्थिरावतेय.

प्रवाळाकडे येऊ. कठीण प्रवाळ सांगाडा बांधतं कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे पाण्यातून कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (मुख्यतः पाण्यातले कार्बोनेट-बायकार्बोनेट, मोजायचं एकक डीकेएच) दोन्ही उचलतं. समुद्रात कॅल्शियम लिटरला ४२० मिलिग्रॅमच्या आसपास आणि अल्कलिनिटी साधारण ७ डीकेएच. प्रवाळाने १ डीकेएच वापरली की कॅल्शियम जेमतेम ७ मिलिग्रॅम उतरतं. म्हणजे एकीकडे साठ्यातला सातवा हिस्सा गेला, दुसरीकडे दोन टक्केसुद्धा नाही. म्हणून आधी हलते ती अल्कलिनिटी, आणि टेस्ट किटवर पैसे घालायचे तर तिच्या किटवर घाला. मॅग्नेशियम १३०० च्या आसपास असलं की महिन्यातून एकदा बघणं पुरे.

तिसरी पडझड याच आकड्याची. एका रविवारी अल्कलिनिटी ६.२ दिसली. कुठेतरी ‘९ आदर्श’ असं वाचलेलं. सोडा मोजला, विरघळवला, तासाभरात ९ वर नेली. दोन दिवसांनी माझ्या एकुलत्या एका ॲक्रोपोराची (फांद्यांचं नाजूक कठीण प्रवाळ) कातडी बुडापासून सोलत वर गेली. ६.२ वर तो महिनाभर सुखात होता! तेव्हापासूनचा माझा नियम: दिवसाला अर्धा डीकेएच, फार तर एक. आणि ७ ते ९ मधला कुठलाही आकडा चालतो, तो रोज तोच राहिला पाहिजे. प्रवाळ थोडं असेतो दर आठवड्याला १० टक्के पाणी बदललं की भागतं. वाढलं की दोन भागांचं द्रावण (एकात कॅल्शियम, दुसऱ्यात अल्कलिनिटी) डोसिंग पंपाने रोज थोडं थोडं द्यायचं.

सुरुवात मऊ प्रवाळाने करा: मशरूम, लेदर, ग्रीन स्टार पॉलिप (हे मात्र वेगळ्या दगडावर, नाहीतर मुख्य खडक गिळून टाकतं). वर्षभराने हातोड्याच्या आकाराच्या टोकांचं हॅमर, डंकन ही कठीण प्रवाळं. ॲक्रोपोरा दीड वर्षाआधी नको. नवं प्रवाळ लाइटखाली एकदम ठेवू नका. त्याच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शेवाळ त्याला अन्न पुरवतं, आणि अचानक झगझगीत उजेड पडला की तेच हाकललं जाऊन प्रवाळ पांढरं पडतं. आठ-दहा दिवस तळाशी, मग हळूहळू वर.

झोअँथिड हे बटणांसारखं प्रवाळ दिसायला सुंदर आणि सोपं, पण त्याच्याबद्दल एक गंभीर गोष्ट. त्याच्या काही जातींत, विशेषतः पॅलिथोआत, पॅलिटॉक्सिन हे जबर विष असतं. ते असलेला दगड उकळू नका, त्यावर गरम पाणी ओतू नका. वाफेने घरातली माणसं रुग्णालयात पोचल्याच्या घटना घडलेल्या आहेत. कापताना हातमोजे आणि चष्मा.

आणखी एक, सगळी कठीण प्रवाळं आणि मोठे शिंपले ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतात. आपल्या देशाचा कायदा काय म्हणतो ते आधी तपासा, आणि जे मिळेल ते टाकीत वाढवलेल्या प्रवाळाचा तुकडा आहे याची खात्री करा. समुद्रातून आणलेल्यापेक्षा तो टिकतोही जास्त.

क्लाउनफिश टाकीत जन्मलेलेच घ्या. दोन लहान पिल्लं आणा, नर-मादी शोधत बसू नका. सगळे नर म्हणूनच वाढतात, दोघांत जो वरचढ ठरतो तो मादी होतो. त्यांना समुद्रफूल (ॲनिमोन) लागतंच असं नाही. माझी जोडी तीन वर्षं लेदर प्रवाळात झोपते. समुद्रफूल टाकीभर फिरतं आणि वेव्हमेकरमध्ये अडकून मेलं तर सगळं पाणी नासवतं, म्हणून तेही वर्षभरानंतरच. मँडरिन या रंगीबेरंगी माशाचा मोह आवरा. तो बहुधा जिवंत सूक्ष्म कवचधारीच खातो आणि नव्या टाकीत शब्दशः उपाशी मरतो. सर्जनफिशला तुमची टाकी लहान पडेल.

प्रत्येक मासा आधी महिनाभर वेगळ्या साध्या टाकीत. पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी एकदा मुख्य टाकीत शिरला की त्याचे कोष खडकावर बसतात. तांब्याचं औषध तिथे घालता येत नाही, कारण शंख-कोळंबी मरतात. मग सगळे मासे बाहेर काढून टाकी अडीच महिने माशांविना ठेवणं एवढंच उरतं. केलंय मी ते, एकदा.

वेळ विचारलात: रोज दहा मिनिटं, त्यातली पाच नुसती बघण्याची. आठवड्याला तासभर, पाणी बदलणं, काच घासणं, अल्कलिनिटी, स्किमरचा कप. महिन्यातून एकदा पंप काढून व्हिनेगरमध्ये.

आणि बाहेरगावी जाताना कुणाला तरी खाणं घालायला सांगाल, तर एकेका दिवसाची पुडी बांधून, तारीख घालून ठेवा. दोन दिवस उपाशी राहिलेला क्लाउनफिश ठणठणीत असतो, पण तो काचेशी येऊन असा काही नाचतो की कुणाचाही जीव कळवळतो. मी पुड्या बाहेर ठेवतो, डबा कपाटात, आणि कपाटाची किल्ली माझ्या बॅगेत.