मोफत सॉफ्टवेअरवर घरी डान्स म्युझिक बनवायला कुठून सुरुवात करू?

लॅपटॉप साधा आहे, कीबोर्ड वाजवता येत नाही, पैसे घालायचे नाहीत, तरी घरी ईडीएम, म्हणजे इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक, बनवायचंय, असं तुम्ही विचारलंय. मी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतला. माझी सुरुवातही अशीच झाली.

एलएमएमएस हे गाणी बनवायचं सॉफ्टवेअर उतरवून घ्या. मोफत आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, ड्रमचे आवाज आणि सिंथ, म्हणजे सूर तयार करणारी वाद्यं, आतच मिळतात. कुठलं सॉफ्टवेअर भारी, यात आठवडा घालवू नका.

टेम्पो, म्हणजे मिनिटाला किती ठोके, १४० दिसेल, तो १२५ वर आणा. मग ठेका बसवायची बीट अँड बेसलाइन ही खिडकी उघडा. तिथं प्रत्येक आवाजाला १६ चौकोन असतात, ही १६ ची एक फेरी म्हणजे एक बार. किक (जाड ढोलाचा ठोका) १, ५, ९, १३ वर, क्लॅप (टाळी) ५ आणि १३ वर, उघडी हाय-हॅट (झांजेसारखा आवाज) ३, ७, ११, १५ वर. झाला हाऊसचा, म्हणजे ईडीएमच्या एका प्रकाराचा, ठेका. तबला शिकलेल्यांनी मोजून बघा: १६ मात्रांच्या त्रितालात समेनंतरच्या दोन टाळ्या ५ आणि १३ वरच पडतात. हे लक्षात आलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

आता हलगी. नेटवरचे ड्रमचे आवाज जगात सगळ्यांकडे आहेत, हलगी आपल्याकडे आहे. मी गणपतीत तालमीजवळच्या हलगीवाल्या काकांना विचारून मोबाइलवर एकेक ठोका घेतला. हातभर अंतरावरून घेतलेले सगळे फुटले. दहा-बारा फूट मागं सरकलो तेव्हा तो कडक आवाज नीट आला. रेकॉर्डर ॲपमध्ये वेव्ह फाइल निवडा. ऑडॅसिटी या आवाज कापायच्या सॉफ्टवेअरमध्ये, तेही मोफतच, ठोक्याआधीची शांतता पार कापून टाका, कारण ती तीळभर राहिली तरी हलगी तालाच्या मागं पडते. मग फाइल एलएमएमएसमधल्या ऑडिओफाइलप्रोसेसरमध्ये टाका आणि ठोके दोन किकच्या मधल्या चौकोनांत बसवा.

बेसला, म्हणजे खालच्या जाड सुरांना, एलएमएमएसमधला ट्रिपल ऑसिलेटर हा सिंथ पुरतो. सूर किकवर ठेवू नका, ३, ७, ११, १५ वर ठेवा, नाहीतर दोघांचा खालचा आवाज एकमेकांत मिसळतो. माझं पहिलं गाणं मी लॅपटॉपच्याच स्पीकरवर ऐकून केलं होतं. मंडळाच्या डॉल्बीवर लावलं तर नुसता गडगडाट, हलगी ऐकूच येईना. ते इवले स्पीकर खालचा आवाज दाखवतच नाहीत. साधा का होईना, हेडफोन लावूनच बेस करा.

गाण्याची मांडणी एलएमएमएसच्या सॉंग एडिटरमध्ये. १२५ च्या टेम्पोला १६ बार म्हणजे साधारण अर्धा मिनिट. पहिले १६ बार किक आणि हलगी, पुढच्या १६ ला बेस. मग किक आणि बेस दोन्ही काढून ८ बार एकटी हलगी वाजू द्या आणि सगळं एकदम परत आणा. मिरवणुकीत महाद्वार रोडवर डॉल्बी क्षणभर थांबून पुन्हा सुटतो आणि पोरं उसळतात ना, ती हीच जागा. याला ड्रॉप म्हणतात.