स्पेनमध्ये मुलांना ख्रिसमसच्या गिफ्ट 25 डिसेंबरलाच मिळतात का?

नाही, मेन गिफ्ट 6 जानेवारीला सकाळी मिळतात आणि त्या सांता नाही, तीन राजे आणतात: मेल्चोर, गास्पार, बाल्तासार. बायबलमध्ये बाळ येशूसाठी सोनं, ऊद आणि गंधरस घेऊन आलेले ज्ञानी लोक, त्यांचाच हा सण. 5 तारखेला संध्याकाळी गावोगावी त्यांची मिरवणूक निघते, रथावरून गोड गोळ्या उधळतात (काहीजण चक्क छत्री उलटी धरून झेलतात), मग पोरं झोपायच्या आधी बूट मांडून ठेवतात, उंटांसाठी पाणीपण. सकाळी रोस्कोन नावाचा गोल गोड ब्रेड, त्यात लपवलेली छोटी मूर्ती सापडली तर डोक्यावर कागदी मुकुट, वालाचा दाणा आला तर रोस्कोनचे पैसे तुमच्याकडून. फक्त हल्ली बऱ्याच घरात 24 डिसेंबरच्या रात्री पापा नोएल (म्हणजे सांता) पण येतो, म्हणजे पोरांची डबल चंगळ.